तिसऱ्या भागातला केस

मराठीत 'केस' हा शब्द दोन लिंगांत चालतो. तो केस डोक्यावर उगवतो, ती केस कोर्टात उभी राहते. गेले काही दिवस आमच्या वाचणाऱ्या मंडळींत ज्या कादंबरीवरून वाद पेटला आहे, तिच्यात हे दोन्ही एकमेकांत अडकले आहेत. ही एक न्यायवैद्यक थरारमालिका आणि तिचा हा आठवा भाग. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहायचं आहे त्याने शेवट फुटेल, आणि प्रश्न त्या एका पुस्तकापुरता नाहीही. नायिका प्रयोगशाळेत सूक्ष्म पुरावे तपासते. तिसऱ्या भागात तिने मृत मुलीच्या स्वेटरवर सापडलेला एक केस सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तो संशयिताचाच असल्याचं कोर्टात सांगितलं. संशयिताला जन्मठेप झाली आणि आपण वाचकांनी समाधानाने पुस्तक मिटलं. आठव्या भागात तीच काचपट्टी कपाटातून बाहेर येते, नव्या चाचणीतून जाते, आणि केस त्याचा नसतो.

यावर वाचकांचे दोन तट पडले. एकाच्या मते हा मालिकेतला सर्वोत्तम भाग आहे, दुसऱ्याच्या मते निव्वळ विश्वासघात. मतभेदाची मला अडचण नाही, दोन्ही बाजू ज्या तऱ्हेने भांडताहेत त्याची आहे. समर्थकांचं सगळं बळ 'वास्तववादी' आणि 'धाडसी' या दोन विशेषणांवर. वास्तववादी तर वीजबिलही असतं. विरोधकांची तक्रार 'आमच्या नायिकेला पाडलं' अशी, जणू लेखकाने कुणाच्या घरच्या माणसाची बदनामी केली. शिवाय या गदारोळात अमुक चाचणीला इतके दिवस लागतात की तितके, यावर हिरिरीने बोलणारे तिसरेच. माझं मत आधीच सांगते. या भागावरच्या बऱ्याच तक्रारी खऱ्या आहेत. पण ज्या गोष्टीवरून सगळा गहजब चालला आहे, म्हणजे नायिकेचा जुना निष्कर्ष खोटा ठरणं, तीच गोष्ट या प्रकारच्या लेखनाला करता येण्याजोगी सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे. आणि ती धड करता येते ती फक्त मालिकेलाच.

आता विरोधकांचं म्हणणं त्यांच्यापेक्षा नीट मांडून पाहू. माणूस गुन्हेकथा का वाचतो? बाहेर तपास रेंगाळतात, साक्षीदार फिरतात, फायली धूळ खातात. इथे चारशे पानांत एक प्रेत, एक प्रश्न आणि एक उत्तर मिळतं. न्यायवैद्यक कथेत तर हे उत्तर माणसाच्या तोंडून येत नाही. माणूस खोटं बोलू शकतो. हाड, रक्त, माती, तंतू यांना खोटं बोलण्यात रस नसतो. हा दिलासा खोटा असेल, पण क्षुल्लक नाही, आणि वाचकाने तो मागणं हा बालिशपणाही नाही. दुसरा मुद्दा याहून वजनदार आहे. तिसरा भाग मी वाचून, आवडून, फळीवर ठेवून दिलेला आहे. चार पुस्तकांनंतर लेखक येतो आणि म्हणतो, त्याचा शेवट मी परत घेतला. पुढचं लिहिण्याचा हक्क लेखकाला आहेच, पण मागचं पुसण्याचा आहे का? एकदा ही सवलत दिली की कुठल्याच भागाचा शेवट शेवट उरत नाही. आज केस खोटा ठरला, उद्या प्रेतही उठून बसेल.

हा आक्षेप मला निरुत्तर करणारा वाटला, तो सुमारे दोन दिवस. मग लक्षात आलं की इथे दोन वेगळ्या गोष्टींना एकाच दोरीने बांधलं जातंय. घडलेलं बदलणं ही एक गोष्ट. घडलेल्याबद्दल आपला जो समज होता तो बदलणं ही दुसरी. मेलेलं पात्र 'मेलंच नव्हतं' म्हणून परत आणणं बहुतेक वेळा पहिल्या जातीचं असतं, आणि त्याला फसवणूक म्हणायला माझी हरकत नाही. पण आठव्या भागाने तिसऱ्या भागातलं काय बदललं? खून झालाच होता. केस स्वेटरवर होताच. नायिकेने तो पाहिला, तुलना केली, साक्ष दिली. यातलं काही पुसलं गेलेलं नाही. बदललं ते एकच वाक्य, 'हा त्याचाच'. आणि ते वाक्य घटनेचा भाग कधीच नव्हतं, ते नायिकेचं मत होतं. आपण ते घटना म्हणून वाचलं, हा आपला आळस.

यावर साहित्याच्या इतिहासातला सर्वांत गाजलेला दाखला विरोधकच देतात: शेरलॉक होम्स. १८९३च्या डिसेंबरात कॉनन डॉइलने त्याला स्वित्झर्लंडमधल्या रायखेनबाखच्या धबधब्यात ढकलून मारला. वाचक खवळले. लंडनमध्ये लोकांनी काळ्या फिती बांधल्या, ही बहुधा पुढे रचलेली दंतकथा आहे, पण संताप खराच होता. १९०३मध्ये डॉइलने त्याला परत आणला. मालिकेतल्या लबाडीचा हा आद्य नमुना, असं सांगितलं जातं. पण मूळ प्रसंग पुन्हा वाचा. होम्सला पडताना त्याचा मित्र वॉटसन पाहत नाही. मृतदेह मिळत नाही. मिळतात त्या पाऊलखुणा: ओल्या मातीच्या वाटेवर दोन माणसं कड्याकडे गेलेली, परत कुणीच आलेलं नाही. सोबत होम्सची चिठ्ठी. मग तज्ज्ञ येऊन जागेची तपासणी करतात आणि झटापटीत दोघेही कोसळले याबद्दल फारशी शंका उरत नाही. म्हणजे होम्सचा मृत्यू हे घटनास्थळाच्या पुराव्यावरून काढलेलं अनुमान होतं! परतल्यावर होम्स सांगतो की खाली गेला तो एकटा त्याचा शत्रू मोरिआर्टी. होम्स स्वतः कड्याच्या भिंतीवरून वर चढला, म्हणून परतीची पावलं उमटली नाहीत. डॉइलने हे दहा वर्षांपूर्वीच ठरवलं होतं असं कुणी म्हणणार नाही, त्याला होम्सपासून सुटकाच हवी होती. तरीही त्याला दार उघडं सापडलं, कारण पाऊलखुणा आणि मृत्यू यांच्यामध्ये अनुमानाची फट होती. माझ्या समजुतीप्रमाणे, मालिकेच्या इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध 'परत घेतलेला शेवट' हा मुळात एक चुकलेला न्यायवैद्यक अहवाल आहे.

आता त्या केसाकडे. दोन केस सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवायचे, रंग, जाडी, आतला गर, रंगद्रव्याची मांडणी पाहायची आणि 'जुळतो' म्हणायचं, ही पद्धत दशकानुदशकं जगभरच्या कोर्टांत चालली. 'जुळला' हा शब्द मराठीत किती गोड आहे पाहा. सूर जुळतात, स्वभाव जुळतात, तारखा जुळतात. यातल्या कुठल्याही जुळण्याचा अर्थ 'दुसरं कुणी असूच शकत नाही' असा होत नाही. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पांढरा कोट घालून तोच शब्द उच्चारला की तो 'त्याचाच' होऊन बाहेर पडतो. अमेरिकेच्या एफबीआयने स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या केस-साक्षींची फेरतपासणी केली आणि २०१५मध्ये निष्कर्ष जाहीर केले: तपासलेल्या खटल्यांच्या नोंदींपैकी किमान ९० टक्क्यांत चुकीची विधानं होती. २८ तपासनिसांपैकी २६ जणांनी साक्षीत किंवा अहवालात अशी विधानं केलेली होती. मृत्युदंड झालेल्या ३५ खटल्यांपैकी ३३ मध्ये चुका सापडल्या. त्यांतल्या नऊ जणांना तोवर मृत्युदंड दिला गेलेला होता.

हे तपासनीस बदमाश होते का? बहुतेकांवर तसा आरोपही नाही. ते प्रशिक्षित होते, प्रामाणिक होते, खात्रीने बोलत होते. आपल्या नायिकेसारखेच. याआधी २००९मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने न्यायवैद्यक शास्त्राचा जो मोठा आढावा घेतला, त्याचा सारांश असा की पेशीकेंद्रातल्या डीएनएची तपासणी सोडली, तर पुराव्याचं नातं एका विशिष्ट व्यक्तीशी खात्रीने आणि सातत्याने जोडता येतं, असं दुसऱ्या कुठल्याच पद्धतीबद्दल काटेकोरपणे सिद्ध झालेलं नाही. १९९०च्या दशकात बहरलेल्या न्यायवैद्यक मालिकांमधल्या नायक-नायिका ज्या पद्धतींवर हुकमी निकाल देत होत्या, त्यांच्याबद्दलचं हे वाक्य आहे. मग अशी मालिका पुढे चालू ठेवणाऱ्या लेखकाने काय करायचं? जणू काही झालंच नाही अशा थाटात नवव्या, दहाव्या, अकराव्या भागात नायिकेला नवी यंत्रं देत राहायचं? तोही एक मार्ग आहे, आणि बहुतेक जण तोच घेतात. या लेखकाने कपाट उघडलं.

ते कपाट उघडायला मालिकाच का लागते, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. एकट्या कादंबरीतही चुकलेला निष्कर्ष दाखवता येतो. पहिल्या प्रकरणात जुना खटला, दहाव्यात उलगडा. पण तिथे वाचक पहिल्या पानापासून सावध असतो. चूक सापडणार म्हणूनच ती गोष्ट त्याच्यापुढे मांडलेली आहे हे त्याला कळतं. चूक नेहमी दुसऱ्याची असते. इथे तसं नाही. तिसरा भाग आला तेव्हा तो चुकीबद्दलचं पुस्तक नव्हता. आपण तो विजयाचं पुस्तक म्हणून वाचला. केस जुळला त्या पानावर आपल्यालाही हायसं वाटलं. संशयिताचा वकील आडवे प्रश्न विचारत होता तेव्हा तो आपल्याला खोडसाळ वाटला. (मी परत जाऊन पाहिलं. त्याचे प्रश्न अगदी बरोबर होते.) मधे वर्षं गेली, चार पुस्तकं गेली, आपण त्या निकालासह जगलो. खऱ्या चुका नेमक्या अशाच उघडकीला येतात. निकालाच्या दिवशी टाळ्या, आणि दहा-वीस वर्षांनी एक काचपट्टी. हे अंतर कागदावर खोटं रचता येत नाही, ते वाचकाच्या स्वतःच्या आयुष्यातून जावं लागतं. 'आम्ही फसलो' असं म्हणणारा वाचक बरोबर बोलतोय. फक्त फसवलं कुणी, हे त्याने पुन्हा मोजावं. त्या ज्युरीत आपणही बसलो होतो.

समर्थकांनी जिला अजून हातच लावलेला नाही अशी एक हरकत आहे, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. विज्ञानावरचा विश्वास आधीच डळमळीत आहे. अशा काळात लोकप्रिय कादंबरीने प्रयोगशाळेवर संशय पेरायचा, म्हणजे खऱ्या गुन्हेगाराच्या वकिलाच्या हाती कोलीत देणं नाही का? न्यायवैद्यक मालिका पाहून ज्युरीचं डोकं बिघडतं, अशी ओरड २०००मध्ये सुरू झालेल्या एका टीव्ही मालिकेपासून सरकारी वकील करत आलेच आहेत: प्रत्येक खटल्यात डीएनए हवा, नाहीतर आरोपी निर्दोष. मिशिगनमधले न्यायाधीश डोनाल्ड शेल्टन यांनी २००६मध्ये हजाराहून अधिक ज्युरी सदस्यांना प्रश्न विचारून हे तपासलं. अशा मालिका पाहणाऱ्यांची वैज्ञानिक पुराव्याची अपेक्षा जास्त होती खरी. पण तो पुरावा नसला म्हणून दोषी ठरवायचं की नाही, या निर्णयात म्हणण्याजोगा फरक दिसला नाही. वाचक-प्रेक्षक आपण समजतो तितका भाबडा नसतो.

पण या आकड्यामागे लपायचं नाही. संशय पेरण्याचा आरोप खरा मानला तरी इतिहास काय सांगतो? स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग १९०१मध्ये सुरू झाला. १९०५मध्ये लंडनमधल्या डेप्टफर्डच्या दुकानातल्या खुनात पैशाच्या पेटीवरच्या अंगठ्याच्या ठशावरून दोघा भावांना फाशी झाली. ठसा म्हणजे अंतिम सत्य, अशी हवा होती. आणि त्याच वर्षांत गुन्हेकथा काय करत होती? १९०३च्या होम्सकथेत मेणाच्या शिक्क्यावरून उचललेला अंगठ्याचा ठसा भिंतीवर उमटवून एका निरपराध माणसाला अडकवलं जातं. १९०७मध्ये ऑस्टिन फ्रीमन या डॉक्टर-लेखकाने बनावट ठशावर पूर्ण कादंबरीच लिहिली, आणि तिचा नायक प्रयोगशाळेत काम करणारा न्यायवैद्यक तज्ज्ञ होता. म्हणजे ज्या प्रकाराला आपण 'प्रयोगशाळेचा जयजयकार' समजतो, त्याची पायाभरणीच शंकेने झालेली आहे. त्या शंकेमुळे ठशांचं शास्त्र बुडालं नाही. उलट शंभर वर्षांनी ज्यांनी ती शंका घेतली नाही ते तोंडावर पडले. २००४च्या माद्रिद बॉम्बस्फोटानंतर एका पिशवीवरचा ठसा एफबीआयच्या तज्ज्ञांनी ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा असल्याचं शंभर टक्के खात्रीने सांगितलं. न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञानेही दुजोरा दिला. स्पॅनिश पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवून दिल्यावर एफबीआयला माफी मागावी लागली. संशयाने विज्ञान कमकुवत होतं, या समजुतीत विज्ञान म्हणजे निकालांचं गाठोडं असं गृहीत धरलेलं आहे. ज्या नव्या चाचणीने नायिकेचा निष्कर्ष पाडला ती कुठून आली? शेजारच्याच खोलीतून.

डीएनएचीच गोष्ट घ्या. ॲलेक जेफ्रीज यांना १९८४मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विद्यापीठात डीएनएच्या ठशांचा शोध लागला. खुनाच्या तपासात त्याचा पहिला मोठा उपयोग झाला तो १९८६मध्ये, आणि त्यातून काय निष्पन्न झालं? कबुली दिलेला सतरा वर्षांचा मुलगा निर्दोष सुटला. पकडण्याआधी या तंत्राने सोडवलं. मग खऱ्या खुन्यासाठी आसपासच्या गावांतल्या सुमारे पाच हजार पुरुषांचे नमुने गोळा झाले. तेवढ्या प्रचंड खटाटोपात तो सापडला नाही, कारण त्याने आपल्याऐवजी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं. तो सापडला त्या सहकाऱ्याने पबमध्ये बसून ही गोष्ट बोलून दाखवली आणि कुणीतरी ती ऐकली म्हणून. आठव्या भागावरची दुसरी मोठी तक्रार आठवा: 'निर्णायक धागा प्रयोगशाळेतून न येता एका बाईच्या सहज बोलण्यातून येतो, हा स्वस्त योगायोग आहे.' आधुनिक न्यायवैद्यक शास्त्राच्या सर्वांत गाजलेल्या तपासाची कडी अशीच जुळली. (पुन्हा 'जुळली'. शब्द पाठ सोडत नाही.)

आणि योगायोगाचंच म्हणाल तर जर्मनीतल्या हाईलब्रॉनची गोष्ट कुठल्याही संपादकाने परत पाठवली असती. एकाच अनोळखी स्त्रीचा डीएनए जर्मनी, फ्रान्स आणि ऑस्ट्रियातल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांच्या ठिकाणी मिळत गेला, खुनापासून किरकोळ घरफोडीपर्यंत. २००७मध्ये हाईलब्रॉनला एका तरुण पोलीस अधिकारी महिलेची हत्या झाली, तिथेही तोच. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. २००९मध्ये उलगडा झाला: ती स्त्री अस्तित्वात होती, पण गुन्हेगार नव्हती. नमुने टिपायच्या कापसाच्या काड्या जिथे तयार होत होत्या तिथली ती कामगार होती. काड्या निर्जंतुक होत्या, पण डीएनएमुक्त नव्हत्या, आणि हा फरक वर्षानुवर्षं कुणाच्या डोक्यात आला नव्हता. कल्पना करा, हा शेवट कादंबरीत आला असता तर? 'चारशे पानं वाचून घेतली आणि खुनी कोण, तर कापूस!' एका ताऱ्याच्या वर कुणी दिला नसता. मीही दिला नसता, कदाचित. म्हणूनच 'हे खरं वाटत नाही' या निकषावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. आपल्याला खरं वाटतं ते आधीच्या पुस्तकांनी शिकवलेलं असतं.

अचूकतेच्या पहारेकऱ्यांबद्दल थोडक्यात. मृत्यूची वेळ 'रात्री ११ ते ११.३०' अशी अर्ध्या तासात बसवणारी नायिका त्यांना चालते, कारण ते आत्मविश्वासाने सांगितलेलं असतं. प्रत्यक्षात प्रेत थंड होण्याचा वेग हवा, कपडे, शरीराचा बांधा अशा डझनभर गोष्टींवर ठरतो आणि सावध डॉक्टर तासांचाच पट्टा देतो. उलट दीड तासात डीएनए आला की ते हसतात. पण गालाच्या आतून घेतलेल्या ताज्या नमुन्यासाठी दीड तासात निकाल देणारी यंत्रं आता खरोखर आहेत. तपशील चुकू नयेत हे मान्य. पण ज्या कादंबरीत सगळी यंत्रं बरोबर आणि खात्री मात्र अवाजवी, ती मला जास्त खोटी वाटते.

नायिकेच्या घरगुती पुराणाची तक्रार मात्र मी डोळे झाकून मान्य करणार होते. घटस्फोटित नवरा, रुसलेली मुलगी, रात्री दोनला उघडलेला फ्रीज. न्यायवैद्यक मालिकांचं हे ठरलेलं सारण आहे आणि आठव्या भागातही ते सत्तरेक पानं खातं. पण त्यातली वीसेक पानं मी वाचवू इच्छिते. तिसऱ्या भागातल्या तपासणीच्या आठवड्यात नायिका कुठल्या मनःस्थितीत होती, पोलिसांनी तिला आधीच काय सांगून ठेवलं होतं, त्या मुलीच्या आईला ती का भेटली होती, हे त्या पानांत येतं. 'कथेशी संबंध नाही' म्हणून वाचकांनी नेमकी हीच पानं उडवली. संशोधक इटिएल ड्रोर आणि सहकाऱ्यांचा २००६मधला एक छोटासा प्रयोग आहे. ठशांच्या पाच अनुभवी तज्ज्ञांपुढे एक जोडी ठेवली गेली आणि सांगितलं गेलं की माद्रिदच्या प्रकरणात चुकून जुळवले गेले ते हे ठसे. प्रत्यक्षात ती जोडी त्याच तज्ज्ञांनी काही वर्षांपूर्वी 'जुळते' म्हणून सोडवलेली होती. पाचांपैकी चौघांनी मत बदललं. ठसे तेच, डोळे तेच, फक्त कानावर पडलेलं वाक्य वेगळं. पाचच माणसांच्या प्रयोगावरून फार मोठं विधान करू नये, पण एवढं तरी दिसतं की सूक्ष्मदर्शकाच्या वरच्या टोकाला जो माणूस बसलेला असतो तोही उपकरणाचाच भाग असतो. मग त्याच्या मनात काय चाललं होतं हा घरगुती मामला कसा? फ्रीजची पानं काढून टाका, त्या आईच्या भेटीची ठेवा.

राहिली ती नेहमीची: 'पहिले भाग चांगले होते.' हिला उत्तर देण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण ही तक्रार मालिकेइतकीच जुनी आहे. होम्स परत आल्यानंतर कॉर्नवॉलमधला एक नावाडी डॉइलला म्हणाला होता की तो कड्यावरून पडला तेव्हा मेला नसेलही, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस राहिला नाही. डॉइलने ही टीका स्वतःच्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. नावाड्याचं निदान साहित्य म्हणून बरोबर असेल. मला त्यात दुसरंच काही ऐकू येतं. कड्यावरून पडल्यानंतर माणूस पूर्वीसारखा राहिला तर ती गोष्ट कसली? आपल्या नायिकेबद्दलही वाचक म्हणताहेत की ती आता पूर्वीसारखी ठाम बोलत नाही, अहवालात 'असू शकतो', 'नाकारता येत नाही' लिहिते, वाचायला मजा येत नाही. मजा कमी झाली हे खरं आहे. तिच्या जागी मला आठव्या भागात एक नवा ताण सापडला: आता ती 'जुळतो' म्हणायला तोंड उघडते तेव्हा माझा श्वास अडकतो. तिसऱ्या भागात तो अडकला नव्हता, आणि अडकायला हवा होता.

आता माझी स्वतःची तक्रार, जी या वादात कुणाच्याच तोंडून ऐकली नाही. आठवा भाग चारशे वीस पानांचा आहे. नायिकेचा पश्चात्ताप, तिची चौकशी, तिच्या वरिष्ठांची सारवासारव, तिचं एकटेपण, सगळं सविस्तर आहे. ज्याला जन्मठेप झाली तो माणूस यात तीन ठिकाणी येतो. दोनदा त्याचा फक्त उल्लेख आहे. तिसऱ्यांदा तो तुरुंगाच्या दारातून बाहेर पडतो, नायिका रस्त्यापलीकडे गाडीत बसून त्याच्याकडे पाहते, आणि प्रकरण तिच्या डोळ्यांतल्या पाण्यावर संपतं. त्याने काय पाहिलं, तो कुठे गेला, त्याला न्यायला कुणी आलं होतं का, लेखकाला विचारावंसं वाटलेलं नाही. समर्थक म्हणतात नायिका मोठी झाली, विरोधक म्हणतात नायिका लहान केली. दोघेही मोजताहेत नायिकेलाच.

हा लेख लिहायला बसले तेव्हा त्याचं नाव मला आठवेना. नायिकेच्या मांजराचं आठवत होतं. शेवटी फळीवरून तिसरा भाग काढला आणि शोधत बसले. एकशे बाराव्या पानावर आहे, एकदाच पूर्ण. पुढे सगळीकडे 'संशयित'.